क्रोम तुरटीचे गुण

११ फेब्रुवारी

आज चिरंजीव माझ्या खोलीत आले. भावाच्या या एकुलत्या एका दिव्याला मी चिरंजीव म्हणते. नावाने हाक मारली तर कानातली इअरफोनची बोंडं निघत नाहीत, चिरंजीव म्हटलं की निदान चिडून बघतो तरी. शाळेतून निवृत्त होऊन मी भावाकडे राहायला आले त्याला आता चौथं वर्ष लागलं. एवढ्या काळात स्वारीने माझ्या या मागच्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. मोबाइलचं दुकान बुडाल्यापासून दिवसभर घरातच लोळणं चालू आहे. आज आला तोही चार्जरची वायर शोधत.

खिडकीत माझे क्रोम तुरटीचे स्फटिक होते. शाळेने प्रयोगशाळा मोडून तिथे मोठा पडदा लावला, तेव्हा प्रयोगशाळेचे शिपाई फेकायला काढलेल्या बरण्या पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आले होते. ते शाळेची घंटाही द्यायचे, म्हणून पोरांनी त्यांना टोलेबुवा नाव ठेवलं होतं. त्या बरण्यांतली ही तुरटी. टेबलावर पडलेला स्फटिक कोळशाच्या तुकड्यासारखा दिसतो. उन्हासमोर धरला की आतून पेटतो, लालसर जांभळा. आठ बाजू, जणू कुणी पट्टी लावून कापल्यात. मी फक्त पाण्याला सवड दिली, बाकी सगळं त्याने केलं.

चिरंजीवांनी एक उचलून खिडकीशी धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाला, "आत्या, हे तू बनवलंस?"

वायर न घेताच गेला.

१४ फेब्रुवारी

पुन्हा आला. हे कशाला वापरतात म्हणून विचारलं. चामडं कमवायला, म्हटलं. कातडं यात भिजवलं की कुजत नाही, घट्ट होतं. पूर्वी कापडाचा रंग पक्का करायलाही वापरायचे. सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत होते तेव्हा पोरं खिडकीबाहेर बघायची. हा लिहून घेतो म्हटल्यावर माझी जीभ सुटली. कडक तापवलं तर जांभळं द्रावण हिरवं होतं, आणि हिरवं झालं की स्फटिक धरायचं नाव घेत नाही. तसंच गार ठेवून आठवडेच्या आठवडे वाट पाहिली तर हळूहळू पुन्हा जांभळं होतं, हेही सांगितलं.

"म्हणजे आपोआप बरं होतं?" त्याने विचारलं.

मी हसले. म्हटलं, बरं होतं म्हण हवं तर. इतकं चांगलं विचारणारा विद्यार्थी मला शाळेत मिळाला नाही.

२ मार्च

आमचा उद्योग सुरू झाला. भाच्याने चामड्याची रसायनं विकणाऱ्याकडून क्रोम तुरटीचं पोतं आणलं, शिवाय साधी पांढरी तुरटी. शाळांना नमुने विकायचे, लोकांना टेबलावर ठेवायला शोभेच्या वस्तू विकायच्या, अशी त्याची योजना. माझ्या खोलीत आता पलंग सोडून सगळीकडे बरण्या आहेत. दोऱ्याला बारीक स्फटिक बांधून सोडायचा, वर कागद झाकायचा आणि बरणीला हात लावायचा नाही. हे शेवटचं त्याला जड जातं. दर तासाला येऊन बघतो.

काळा रंग लोकांना आवडणार नाही म्हणाला. दोन्ही तुरट्यांची घडण एकच असते, त्या एकाच स्फटिकात गुण्यागोविंदाने नांदतात. म्हणून पांढरी जास्त घातली. फिकट जांभळे, आरपार दिसणारे खडे आले. त्याने मला खांद्याला धरून गोल फिरवलं. या घरात मला शेवटचं कुणी कधी हात लावला होता, आठवत नाही.

भावजय दारात उभी राहून बघत होती. 

१९ मार्च

शोभेची वस्तू म्हटलं की मुठीएवढी हवी असं मला वाटतं. पण भाच्याला चिंचोक्याएवढेच खडे हवेत. लहान मुलांच्या हातात बसायला, म्हणाला. भोक पडेल का, हेही विचारलं. म्हटलं, अरे हे मीठ आहे, दगड नव्हे. नखाने ओरखडा उठतो. घामाच्या हातात धरलं तर बोटं चिकट होतात, पाण्यात टाकलं तर सकाळपर्यंत विरघळून पाणी जांभळं. कोरड्या उन्हात ठेवलं तर अंगातलं पाणी उडून वर राखेसारखी पूड धरते.

मला वाटलं, त्याचा हिरमोड होईल. तो तर खूश झाला. "पाणी जांभळं होतं? पूर्ण?" चव कशी असते, विचारलं. तुरट, म्हटलं. पण चाखायची नसते, पोट बिघडतं. हे लिहून घेतलं का, मी पाहिलं नाही.

मग त्याला गंमत दाखवली. परीक्षानळीत खडा घालून नळी उकळत्या पाण्यात धरली. जरा वेळाने खडा ढासळला आणि नळीत गर्द पाणी झालं. वरून थेंबभर पाणी घातलं नव्हतं. स्फटिकाच्या अंगात जे पाणी बांधलेलं असतं, त्यातच तो वितळतो. भाचा टाळ्या वाजवायचाच बाकी होता.

५ एप्रिल

दुकान झालं. मोठ्या इस्पितळाच्या गल्लीत, औषधांच्या दुकानांच्या रांगेत एक गाळा मिळाला. शाळांपासून ती जागा लांब आहे, पण तिथे वर्दळ असते म्हणाला. मी बघायला येते म्हटलं तर, "आत्या, रंग होऊ दे, मग तुला सन्मानाने नेतो." माझा निरोप समारंभातला पांढऱ्या कोटातला फोटो मात्र मागून नेला. मी त्याची गुरू, म्हणून दुकानात लावणार.

रात्रीच्या जेवणाला आता मला आधी वाढतात. भाऊ म्हणाला, ताई, पोरगं तुझ्यामुळे मार्गी लागलं.  नंतर भांडी घासताना भावजय मान न वळवता म्हणाली, "ताई, एकदा दुकानात जाऊन बघा तुम्ही. त्याला न सांगता जा."

इतकी वर्षं मी या घरात अडगळीसारखी होते, तेव्हा हिला काही खुपलं नाही. आता चार शब्द माझ्या कौतुकाचे निघाले तर पोटात दुखायला लागलं.

२१ एप्रिल

बाजारात टोलेबुवा भेटले. वाळलेत. बायकोची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त शुद्ध करून आणावं लागतं. मशीनवर तिला थंडी भरते म्हणून मी शाल विणून भाच्याच्या हाती पाठवली होती. भाचा हल्ली त्यांच्याकडे जाऊन-येऊन असतो. म्हाताऱ्यांची विचारपूस करतो, हे मला आवडलं.

मला बघून हातातली पिशवी खाली ठेवून उभे राहिले. शाळेतही तसेच राहायचे. म्हणाले, "बाई, तुमच्या हातचं आहे, गुण येतोय."

शालीला गुण येतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पण त्यांची बोलायची तऱ्हाच तशी. दवाखान्याच्या फेऱ्या आता बंदच केल्या म्हणाले. मला वाटलं, मशीनची सोय घराजवळ झाली असेल. मी म्हटलं, अरे वा, फारच छान झालं. तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "तुम्ही म्हणालात, आता मला घोर नाही," म्हणाले.

किती थोडक्यात समाधान मानतात माणसं.

२९ एप्रिल

उन्हाळ्याने घात केला. दुपारी खोली भट्टीसारखी तापते. आठ बरण्यांत एकही खडा वाढला नाही, दोऱ्यावरचे होते तेही विरले. वर भाच्याने घाईघाईत एक अख्खं पातेलं गॅसवर उकळून ठेवलं. हिरवंगार. मी चिडले. आता यातून महिनाभर काही निघायचं नाही, म्हटलं.

तो शांतपणे म्हणाला, हिरवं पण चालेल, बाटल्यांत भरतो.

हिरवं पाणी शाळांना कशाला लागतं, विचारलं. रंग बदलतो ते दाखवायला, म्हणाला. पटण्यासारखं होतं. पण नंतर मनात राहून राहून येत होतं की इतक्या शाळा आहेत तरी कुठे.

८ मे

आज दुकानात गेले. भावजयीचं बोलणं डोक्यातून जाईना म्हणून गेले. तिला खोटं पाडायचं, एवढंच मनात होतं.

बाहेर रांग होती. इस्पितळातून निघालेली माणसं, हातात एक्स-रेची पाकिटं, कुणाच्या दंडाला अजून सुईची पट्टी. मी रांगेच्या कडेने आत डोकावले. समोरच्या भिंतीवर मी. पांढरा कोट, हातात फुलं. फोटो दाराएवढा मोठा केलेला. खाली लिहिलंय, तीस वर्षांचं संशोधन.

भाचा एका बाईशी बोलत होता. तिच्या मांडीवर मूल होतं. आवाज इतका मऊ की मला आधी ओळखूच आला नाही.

"खडा रात्री पाण्यात सोडायचा. सकाळी खडा दिसणार नाही, पाणी जांभळं झालेलं असेल. म्हणजे त्याचं सत्त्व उतरलं. ते घ्यायचं. तुरट लागतं, कारण ते आतलं सगळं घट्ट करतं. कातडं कुजू देत नाही, तर आतडं कुजू देईल का? आणि उष्णता जास्त असली अंगात, तर हे हिरवं पाणी. घाबरायचं नाही. हिरवं झालेलं पुन्हा जांभळं होतं, आपोआप बरं होतं. आमच्या आत्यांनी सिद्ध केलंय."

बाईने माझ्या फोटोला हात जोडले.

एक-एक वाक्य माझं होतं. मी खोलीत बसून, चहा पीत, हौसेने सांगितलेलं. त्याने फक्त आधी 'चामडं' होतं तिथे 'माणूस' घातला.

मी आत जायला हवं होतं. काउंटरवर चढून ओरडायला हवं होतं. मी परत फिरले आणि चालत घरी आले. पायांना फोड आले आहेत.

९ मे

घरात स्पष्ट बोलले. भाऊ होता, भावजय होती, तो होता. हे विष आहे का, भावाने विचारलं. मी म्हटलं, चिमूटभराने मरणार नाही कुणी, पण आजारी माणसाचं पोट जळेल, उलट्या होतील, आणि मुख्य म्हणजे तो माणूस खरं औषध सोडेल.

"म्हणजे विष नाही," तो म्हणाला. "मग झालं. मी औषध सोडा म्हणून सांगत नाही कुणाला. त्यांचं ते सोडतात."

 भाऊ म्हणाला, ताई, एकदाचं पोरगं उभं राहिलंय. हळूहळू बंद करायला लावू. तू बाहेर कुठे बोलू नकोस. तुझाच फोटो आहे तिथे, अडकलीस तर तूच आधी अडकशील.

भावजय उठून आत गेली. तिला महिन्याभरापूर्वी कळलं होतं. मला तिने सांगितलंही होतं.

१४ मे

मी बरण्या मोरीत ओतल्या. एवढंच केलं. त्याने पर्वा केली नाही, पोत्यातली पूडच पुड्यांत भरून विकतो आता. मी कुठेही गेले नाही. रोज सकाळी ठरवते, साडी बदलते, आणि चप्पल घालताना भावाचं वाक्य आठवतं. अडकशील तर तूच. माझं निवृत्तिवेतन, माझं नाव, वर्तमानपत्रात फोटो, जुने विद्यार्थी वाचणार. मग साडी पुन्हा बदलते. जेवायला आता मला शेवटी वाढतात.

१७ मे

टोलेबुवांची बायको गेली.

निरोप शाळेतल्या एका बाईने फोनवर दिला. मी गेले तेव्हा तिला स्मशानात नेऊन माणसं परतली होती, घरात दोन-चार माणसं बसली होती. एकच खोली. तिच्या कॉटजवळच्या स्टुलावर काचेचा पेला होता. तळाशी दोन बोटं जांभळं पाणी. शेजारी माझी शाल, घडी न मोडलेली.

त्या पेल्याकडे बघता बघता बाजारातलं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवलं. तुमच्या हातचं आहे. फेऱ्या बंदच केल्या. आणि मी काय म्हटलं होतं? अरे वा.

टोलेबुवा म्हणाले, "खडे आपल्या शाळेच्याच बरणीतून आणले होते, मी बरणी ओळखली होती, बाई. इतकी वर्षं पुसली ना मी. मनात आलं, ही तर क्रोम तुरटी, ही प्यायची कशी? पण तुमचा भाचा म्हणाला, आत्यांनी शोधून काढलंय. मग म्हटलं, बाईंना माहीत असेल. आणि तुम्ही स्वतः बाजारात म्हणालात."

मग अगदी हळू, "ती त्या पाण्याला कंटाळली होती. उलट्या व्हायच्या. मी जबरदस्तीने पाजायचो. तो म्हणाला, आजार बाहेर पडतोय. तसंच असेल ना, बाई?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर तो माणूस आज झोपला असता. आणि मीही. हो माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

"नाही," मी म्हटलं. "त्यात काहीच नव्हतं. ते चामडं कमवायचं मीठ आहे. मी कुठलाही शोध लावलेला नाही."

"मग मशीन चालू ठेवलं असतं तर?"

"तर त्या आज असत्या."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते उठले, पेला घेतला, बाहेरच्या नळाखाली धुतला. पुन्हा धुतला. आत येऊन स्टुलावर पालथा घातला. मी निघाले तेव्हा दारापर्यंत कुणी आलं नाही.

१८ मे

भावाला सांगितलं, मी पोलिसांत चालले. तो आधी रडला, मग ओरडला. या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, म्हणाला. त्याचं बोलून होईपर्यंत भावजयीने माझी बॅग भरून दाराशी आणून ठेवली होती. मला वाटलं, हीसुद्धा. पण रिक्षात बॅग उघडली तर कपड्यांच्या मधोमध दुकानातल्या पुड्या होत्या, आणि हिरव्या पाण्याची एक सीलबंद बाटली. स्वतःच्या मुलाच्या विरुद्ध पुरावा तिने माझ्या साड्यांत घडी घालून दिला होता. मी तिच्याबद्दल या पानांत काय काय लिहिलंय, ते आता खोडायचंही धाडस होत नाही.

निवृत्त शिक्षिकांच्या वसतिगृहात कॉट मिळाली आहे.

ठाण्यात मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाई, तुमची तक्रार आहे खरी, पण ज्याचं नुकसान झालं तो कुठाय? ज्याच्या घरी माणूस गेलं त्याने येऊन सांगितलं पाहिजे. जाता जाता एक हवालदार माझ्यामागे जिन्यापर्यंत आला आणि खालच्या आवाजात विचारू लागला की त्याची आई हिरवं पाणी पिते, ते जांभळ्यापेक्षा चांगलं का. मी त्याला तिथेच जिन्यावर उभं करून सगळं सांगायला लागले.  पुढचं न ऐकताच धावत खाली गेला.

२० मे

टोलेबुवांकडे गेले. दार अर्धवट उघडून उभे राहिले. तुम्ही आल्याशिवाय गुन्हा दाखल होत नाही, म्हटलं.

"माझ्याने नाही होणार," ते म्हणाले. "तिथे तुमचं नाव घ्यावं लागेल. तीस वर्षं मी तुमच्या खुर्चीला कुणाला बसू दिलं नाही. मी कसं घेऊ तुमचं नाव?"

म्हणजे माझ्या भाच्याला वाचवणारी गोष्ट जगात एकच उरली आहे, ती म्हणजे या माणसाच्या मनातला माझा मान. तो मान मी कमावलेला नाही. तो एका सरळ माणसाची सवय आहे, आणि ती मी रोज आयती वापरली.

म्हटलं, बुवा, मला ८ मे रोजी सगळं कळलं होतं. तुमच्या बायकोला जाऊन आज तीन दिवस झाले. मधले दिवस मी घरात बसून होते. मला माझ्या नावाची काळजी होती. मी तेव्हाच बाहेर पडले असते, तर तुमच्यापर्यंत पोहोचले असते.

हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते पोहोचताना मला दिसलं. द्रावण तापत जातं तेव्हा रंग एकाएकी बदलत नाही. मधला काही वेळ तो कुठलाच नसतो. त्यांनी दार लावून घेतलं.

२२ मे

सकाळी ठाण्यात पोहोचले तर टोलेबुवा आधीच बाकावर बसलेले. अंगात शाळेतला खाकी शर्ट, धुऊन इस्त्री केलेला. मी आले, पण ते उठले नाहीत. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

कारकून जबाब घेऊ लागला. बायकोचं वय, आजार, मशीनवर जाणं कधी थांबवलं, खडे कुणी दिले. भाच्याचं नाव त्यांनी सांगितलं. पाणी कसं पाजलं तेही सांगितलं, स्वतःला वाचवून एक शब्द बोलले नाहीत.

"आणि हे खडे बनवले कुणी?"

"बाईंनी."

"कुठल्या बाई? नाव-गाव असेल ना काही?"

टोलेबुवांनी हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं. माझ्याकडे बघितलं नाही. बोट मात्र नेमकं माझ्यावर होतं, जरासुद्धा हललं नाही, आणि कारकुनाने मान वर करून बघेपर्यंत त्यांनी ते तसंच धरून ठेवलं.

कारकुनाने मला विचारलं, हे खरं आहे का.

मी म्हटलं, हो. लिहा.